कोंडलेली हवा : सांगडीपासून कयाकमधल्या पिशवीपर्यंत

विरारचा नकाशा एकदा नीट पाहा. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला थोड्या अंतरावर वसईची खाडी, आणि मधल्या पट्ट्यात मिठागरे, खाजणे, तळी. शेजारचे आगाशी सोळाव्या शतकात इमारती लाकूड आणि जहाजबांधणी यांसाठी ओळखले जाई. अर्नाळ्याच्या किल्ल्याभोवतीची वस्ती बेटावर असल्याने तिथे होडीनेच जावे लागते. अशा गावातल्या आठवी-नववीच्या मुलांना 'होडी का तरंगते?' असे विचारले तर आर्किमिडीजचे तत्त्व घडाघडा म्हणून दाखवतील. पण 'होडी बुडते केव्हा, आणि ती बुडू नये म्हणून काय करता येईल?' असे विचारून पाहा. बहुतेक वेळा वर्ग गप्प होतो.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' ही आगबोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. किनारा फार दूर नव्हता. 2018 च्या जुलैमध्ये वसई, नालासोपारा, विरार हा पट्टा पावसाच्या पाण्यात बुडाला, लोकलगाड्या थांबल्या, मिठागरांतली माणसे अडकली. अशा वेळी आपत्ती दलाचे जवान ज्या बोटी घेऊन येतात त्या रबरी कापडाच्या आणि हवेने फुगवलेल्या असतात. पोलादाची आगबोट बुडते आणि हवेची पिशवी माणसे वाचवते. या दोन गोष्टींमधला दुवा समजून घेण्यासाठी आम्ही या लेखात एक अगदी साधी वस्तू निवडली आहे : कयाक नावाच्या छोट्या होडीत ठेवतात ती हवेची पिशवी, आणि तिचीच जुळी बहीण म्हणजे सामान कोरडे ठेवणारी पिशवी. या दोन्ही घरी करता येतात. आणि त्यांचा इतिहास पाहू लागलो की तो थेट आपल्या भोपळ्यापर्यंत, आपल्या भाषेपर्यंत येऊन पोचतो.

पिशवी करते काय?

कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, अरुंद होडी. तिचा वरचा भाग झाकलेला असतो. मध्ये बसण्यापुरते भोक, त्यात पाय लांब करून बसायचे आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे मारायचे. समजा होडीचे वजन 25 किलो आणि माणसाचे 65 किलो. दोन्ही मिळून 90 किलो. म्हणजे गोड्या पाण्यात ती 90 लिटर पाणी बाजूला सारते आणि तरंगते. इथपर्यंत सगळे पाठ्यपुस्तकासारखेच आहे.

आता होडी उलटली. माणूस बाहेर पडला आणि होडीच्या पोटात पाणी शिरले. आतली जागा 250 लिटर धरली तर 250 किलो पाणी आत आले. लाकडाची होडी असेल तर ती काठोकाठ भरूनही पृष्ठभागाशी रेंगाळेल, कारण लाकूड पाण्यापेक्षा हलके आहे. काचतंतूची असेल तर तळाशीही जाईल. तरंगत राहिली तरी पंचाईत आहेच. पावणेतीनशे किलोचा हा गोळा पाण्यात पोहणारा एकटा माणूस उलटवून रिकामा कसा करणार?

म्हणून होडीच्या पुढच्या आणि मागच्या निमुळत्या टोकांत हवा भरलेल्या पिशव्या घट्ट बसवतात. प्रत्येकी 70 लिटरच्या दोन पिशव्या असल्या तर 140 लिटर जागा आधीच अडलेली असते. पाणी फार तर 110 लिटर शिरते. होडी उंच तरंगते, उपसता येते, धरून राहता येते. पिशवीतली हवा काही जादू करत नाही. ती फक्त जागा अडवते आणि तिथे पाण्याला येऊ देत नाही. आगबोटींच्या पोटात पोलादी भिंती घालून वेगवेगळे कप्पे करतात तेही याचसाठी. एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीच्यांतली हवा शाबूत राहावी.

आता याच पिशवीत हवेच्या जोडीला कपडे, शिधा, आगपेटी, पुस्तक ठेवले तर? पिशवी तशीच तरंगते आणि सामान कोरडे राहते. कोलाडला कुंडलिका नदीवर तराफ्यातून किंवा कयाकमधून जाणारी मंडळी अशाच पिशव्या वापरतात. तरंगवणारी पिशवी आणि कोरडी ठेवणारी पिशवी यांचे काम एकच : पाणी आत येऊ न देणे. हवा भरली तर होडी वाचते, कपडे भरले तर कपडे वाचतात.

म्हणजे सगळा प्रश्न येऊन ठेपतो तो पिशवीच्या तोंडावर आणि शिवणीवर. हवेमुळे वस्तू तरंगते हे माणसाला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. ती हवा कोंडून कशी ठेवायची, हे शिकायला मात्र फार काळ लागला.

निसर्गाने बंद करून दिलेली हवा

पहिला बंद डबा निसर्गानेच दिला. पिकून वाळलेला भोपळा घ्या. बाहेरची साल लाकडासारखी कडक, आत वाळलेल्या बिया आणि हवा. त्याला शिवण नाही, तोंड नाही, म्हणून गळण्याचा प्रश्न नाही. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या पाठीला असा भोपळा बांधत. पुढे त्याच्या जागी झाकण झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा आला. पांगाऱ्यासारखे हलके लाकूडही चालते. अशा लाकडाच्या पेशींत हवा असते, म्हणजे तेही असंख्य बारीक बंद डब्यांची जुळणीच म्हणायची.

दोन ओंडके, दोन डोण्या किंवा भोपळ्यांची जोडी एकत्र बांधली की झाली सांगड. आज आपण 'कामाची आणि अभ्यासाची सांगड घालणे' असे म्हणतो तेव्हा नदी आपल्या मनातही नसते. पण शब्द आला आहे तो नदी ओलांडण्याच्या साधनावरून. संस्कृत 'संघाट', म्हणजे एकत्र जोडणे, हे त्याचे मूळ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत पश्चिम किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत 'सुप्पारा'चे, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचे, नाव आहे. त्याच पुस्तकात पूर्व किनाऱ्यावरच्या, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नौकांना 'संगर' म्हटले आहे. अभ्यासक या शब्दाचे नाते संघाटाशी लावतात. मल्याळममधला 'चंगाडम' याच कुळातला. तो पोर्तुगिजांनी उचलला आणि अटलांटिकपार नेला. आज ब्राझीलचे कोळी ज्या ओंडक्यांच्या तराफ्यावरून मासेमारी करतात त्याला 'जंगाडा' म्हणतात. आमची सांगड आणि त्यांचा जंगाडा एकाच घरचे आहेत.

ज्ञानेश्वरीच्या (इ.स. 1290) बाराव्या अध्यायात देव भक्तांना संसारसागरातून पार नेतो त्याचे वर्णन आहे. तिथे ज्ञानेश्वरांनी पाणी ओलांडण्याची त्या काळातली साधनेच मांडली आहेत. कोणासाठी नाव, कोणासाठी तराफा, कोणाच्या पोटाला बांधलेली पेटी. ही पेटी म्हणजे पोहणाऱ्याला तरंगत ठेवणारे साधन. सातशे वर्षांपूर्वी मराठी श्रोत्याला हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. मराठीच्या शिक्षकांनी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून एक तास घ्यावा, असा हा मजकूर आहे.

भोपळ्याला एक मर्यादा आहे. तो जेवढा वाढला तेवढाच. मोठी होडी तारायची तर मोठी पिशवी हवी, आणि पिशवी म्हटली की तोंड आणि शिवण आलीच.

कातड्याची पिशवी

मोठी पिशवी मिळाली जनावराच्या कातड्यातून. इराकमधल्या निमरूद इथल्या राजवाड्यात असुरनासिरपाल दुसरा (इ.स.पू. 883 ते 859) याच्या काळातली शिल्पे सापडली. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांपैकी एकात माणसे फुगवलेली कातडी पोटाखाली धरून नदी पार करताना दिसतात. नीट पाहिले तर कातड्याचे टोक त्यांच्या तोंडात आहे. पोहता पोहता ते फुंकत आहेत. याचा अर्थ सरळ आहे. पिशवी गळत होती, आणि गेलेली हवा पुन्हा भरावी लागत होती.

इ.स.पू. 401 मध्ये युफ्रेटीस नदीवर ग्रीक सैनिकांनी निराळी युक्ती केली. झेनोफन हा त्यांच्यातलाच एक. त्याने लिहून ठेवले आहे की तंबूंच्या कातड्यांत सुके गवत भरले आणि गवताला पाणी लागणार नाही अशी घट्ट शिवण घातली. पलीकडच्या गावातून त्यांना खाण्याचे सामान आणायचे होते. पुढे इ.स.पू. 326 मध्ये अलेक्झांडरच्या सैन्याने झेलम ओलांडतानाही गवत-भुसा भरलेली कातडी वापरली. नुसती हवा का भरली नाही? हवेच्या पिशवीला एक भोक पडले की ती चपटी होते. गवत भरलेली पिशवी भिजेपर्यंत तरी फुगलेली राहते. काड्यांमध्ये अडकलेली हवा सहजी सुटत नाही.

आपल्याकडे मसक आणि पखाल ही कातड्याची भांडी घरोघर पाणी पुरवत. 26 जून 1539 रोजी चौसाच्या लढाईत शेरखानाकडून हरलेला हुमायून गंगेत पडला, तेव्हा निजाम नावाच्या भिश्त्याने त्याला फुगवलेल्या मसकेच्या आधाराने पैलतीरी नेले. बादशहाने उतराई म्हणून त्याला थोड्या वेळासाठी तख्तावर बसवले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत असते. विज्ञानाच्या दृष्टीने तिच्यातला खरा मुद्दा वेगळा आहे. जी शिवण पाणी बाहेर पडू देत नाही तीच पाणी आतही येऊ देत नाही. पखाल, मोट, तेलाचा बुधला शिवणारे कारागीर हे कसब जाणून होते. हिमाचलात बियास आणि सतलज नद्यांवर फुगवलेल्या कातड्यांवरून लोकांना पार नेत. 1860 च्या दशकात काढलेली त्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

सगळी होडीच एक पिशवी

या विद्येत सर्वांत पुढे गेले ते उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक. जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यांना एस्किमो म्हटलेले असे. कयाक ही मूळ त्यांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे. बर्फाळ पाण्यात पडलेला माणूस फार वेळ जगत नाही. तेव्हा शिवण गळली तर शिकारी परत येणार नाही, इतका हिशेब स्पष्ट होता.

ही शिवण घालत त्या स्त्रिया. त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कातड्याचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून टाका घालताना सुई दुसऱ्या कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही. जाडीच्या मध्येच वळवून परत घ्यायची. मग उलट बाजूने दुसरी शिवण तशीच. त्यामुळे आरपार असे एकही भोक राहत नाही. दोरा जनावराच्या स्नायुबंधाचा. तो ओला झाला की फुगतो आणि सुईचे भोक बुजवतो. शिकारी अंगात कातड्याचाच अंगरखा घाली आणि त्याची खालची कड होडीच्या भोकाभोवती आवळून बांधी. माणूस आणि होडी मिळून एकच बंद पिशवी होई. होडी उलटली तरी पाणी आत शिरत नसे आणि वल्ह्याच्या एका फटकाऱ्याने तो पुन्हा सरळ होई.

त्याच्या पाठीमागे, होडीवर, आणखी एक पिशवी असे. सीलचे कातडे पोट न चिरता अखंड काढायचे, भोके बंद करायची, एका ठिकाणी हाडाची किंवा लाकडाची नळी बसवून त्यातून फुंकायचे आणि बूच मारायचे. भाल्याच्या दोरीला बांधलेली ही पिशवी जखमी सावजाला बुडू देत नसे आणि दमवत असे. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि हे बूच, दोघांचे काम एकच.

आपल्या आगाशीसारख्या बंदरांत होड्या बांधणारे सुतार निराळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरायचा आणि वरून राळ-तेलाचा लेप द्यायचा. कापूसही पाण्याने फुगतो आणि सांधा आवळतो.

रबर, शिंपी आणि सुईची भोके

एकोणिसाव्या शतकात रबर आले. 1823 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने नॅफ्थामध्ये विरघळवलेले रबर दोन कापडांच्या मध्ये घालून जलरोधक कापड केले. कापड उत्तम होते. पण शिंप्यांनी त्याचे कोट शिवले आणि पाणी झिरपू लागले, कारण टाक्याच्या प्रत्येक भोकातून वाट झाली. इन्युइट स्त्रियांनी सोडवलेला प्रश्न नव्या कारखान्यापुढे पुन्हा उभा राहिला. त्यावर उपाय म्हणजे शिवणीवरून रबराची पट्टी चिकटवणे. कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होई, ती अडचण गंधक घालून तापवण्याच्या प्रक्रियेने दूर झाली. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला ती सापडली.

त्याच काळात पीटर हॅल्केट या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने अंगावर घालायचा झगाच असा केला की तो फुगवला की होडी व्हावी. त्याने हवेचे वेगवेगळे कप्पे ठेवले होते. एक फुटला तरी बाकीचे तारतील हा विचार पुढच्या प्रत्येक रबरी बोटीत आला. जॉन रे या संशोधकाने अशी होडी उत्तर ध्रुव प्रदेशातल्या मोहिमांत वापरली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत घडीची कयाक निघाली. लाकडी सांगाडा आणि रबर चढवलेले कापड, घडी करून आगगाडीतून नेता येईल अशी. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण 1932 च्या मे महिन्यात अशीच होडी घेऊन डॅन्यूब नदीवरून निघाला आणि इराणचा आखात, मकरानचा किनारा, मग हिंदुस्थानचा पश्चिम किनारा असे करत 1935 च्या मे महिन्यात कोलंबोला पोचला. शेवटी 1939 मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत गेला, तर महायुद्ध सुरू झाल्यामुळे त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैदेत टाकले! 1956 मध्ये हानेस लिंडेमान या डॉक्टरने घडीच्या कयाकमधून अटलांटिक ओलांडला. त्याच्या होडीच्या दोन्ही कडांना लांबलचक हवेच्या नळ्या बसवलेल्या होत्या. कोकणातल्या लहान होडीची उलांडी आठवा. ती होडीला बाजूने आधार देते. या नळ्या तोच आधार देत, आणि होडी भरली तर तिला तारतही.

रुईच्या म्हाताऱ्यांची मदत

तरंगवणाऱ्या जाकिटांत पूर्वी कपोक भरत. पांढऱ्या सावरीचा हा कापूस. त्याचा तंतू आतून पोकळ आणि बाहेरून मेणकट असतो, म्हणून पाणी लवकर शिरत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट घेतले आणि अमेरिकेला कपोक मिळेनासा झाला. तेव्हा तिथल्या शाळांतल्या मुलांना रानोमाळ पाठवून मिल्कवीड या झाडाची बोंडे गोळा करायला लावली. हे झाड आपल्या रुईच्या कुळातले. रुईच्या बोंडातून उडणाऱ्या ज्या 'म्हाताऱ्या' आपली मुले फुंकून उडवतात, तसाच त्याचा कापूस. 1944 च्या शरदात दोन पोती बोंडे म्हणजे एक जीव, असा हिशेब मुलांना सांगितला होता.

आता जाकिटांत बंद पेशींचा फेस असतो. त्याचे माप न्यूटनमध्ये देतात. माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याइतकेच जड असल्याने पाण्यावर ठेवायचे असते ते मुख्यतः डोके, म्हणजे चार-पाच किलो. त्यामुळे 100 न्यूटनचे, म्हणजे सुमारे 10 किलो उचलणारे जाकीट पुरते. सबंध माणूस उचलायचा नसतो, हे मुलांना आकड्यांत दाखवले की त्यांना नवल वाटते.

घरी पिशवी करताना

अर्नाळ्याच्या कोळ्यांच्या डोल जाळ्यांना तरंगत ठेवायला पूर्वी लाकडी पिंपे असत. आता प्लॅस्टिकचे कॅन आणि ड्रम असतात. धरणांच्या पाण्यात ट्रकची ट्यूब फुगवून तिच्यावर बसून जाळी टाकणारे मासेमार महाराष्ट्रात सगळीकडे दिसतात. टाकाऊ वस्तूतून तारक वस्तू करण्याची ही परंपरा आहे. वर्गात करायचा प्रयोग त्याच वाटेचा आहे.

जाड पॉलिथिनचे दोन तुकडे घ्या. कडा जुळवून त्यांच्या वर आणि खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा आणि मध्यम गरम इस्त्री कडेवरून सावकाश फिरवा. प्लॅस्टिक वितळून जुळते. इथे सुई नाही, म्हणून भोक नाही. इस्त्री शिक्षकांनीच धरावी आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एक कड तोंडासाठी मोकळी सोडा. तोंड बंद करताना दोरी आवळू नका, कारण चुण्यांमधून पाणी वाट काढते. तोंडाच्या दोन्ही कडा सपाट जुळवून तीन-चार वेळा घट्ट गुंडाळा आणि गुंडाळी लाकडी पट्ट्यांत दाबून बांधा. पाण्याला आत यायचे तर आता इतकी वळणे घ्यावी लागतील की त्याचा मार्ग खुंटतो. कयाकसाठी वापरतात ते मजबूत लेप दिलेले नायलॉन असते, पण तत्त्व हेच.

मग तीन परीक्षा घ्या. पहिली पंक्चरवाल्याची : पिशवीत हवा भरून बादलीत दाबा आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहा. दुसरी कोरडेपणाची : आत शाईने लिहिलेला कागद आणि एक दगड ठेवून अर्धा तास बुडवा. अक्षर फुटले तर पिशवी नापास. तिसरी मापाची : काठोकाठ भरलेल्या बादलीत पिशवी पूर्ण दाबा आणि सांडलेले पाणी मोजा. जितके लिटर सांडले तितके किलो प्लावक बल. त्यातून पिशवीचे वजन वजा करा. ही मोजणी करताना मुले पिशवीखाली पाण्याने भरलेली बाटली टांगून पाहतील आणि पिशवी जराही खाली जात नाही म्हणून चक्रावतील. का ते त्यांनाच शोधू द्या.

आणखी एक गोष्ट. सकाळी 27 अंशांना घट्ट फुगवलेली पिशवी उन्हात 57 अंशांवर गेली तर काय होईल? निरपेक्ष तापमान 300 वरून 330 झाले, म्हणजे हवेला एक दशांश जास्त जागा हवी. जागा नसेल तर सांधा उसवतो. म्हणून पिशवी थोडी सैल ठेवतात. चार्ल्सचा नियम इतक्या सहज समजावण्याची संधी क्वचित मिळते.

मात्र एक सूचना मुलांना अगदी ठामपणे द्यायला हवी. वर्गात केलेली पिशवी ही बादलीतल्या प्रयोगासाठी आहे. कोणीही ती पोटाला बांधून तळ्यात किंवा खाडीत उतरायचे नाही. एकच कप्पा, एकच सांधा, आणि तो पाण्याच्या मधोमध सुटला तर मागे काहीच आधार नाही. होडीतून जाताना परीक्षा झालेले जाकीट अंगात हवे, आणि ते किनाऱ्यावरच बांधलेले हवे. होडी कलंडल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही.

विरार, अर्नाळा, आगाशी, सातपाटी, डहाणू इथल्या शाळांना आमची एक विनंती आहे. तुमच्या गावातल्या वयस्कर कोळ्यांना, होडी बांधणाऱ्या सुतारांना मुलांनी भेटावे आणि तीन प्रश्न विचारावेत. जाळ्याला आणि होडीला तरंगत ठेवायला प्लॅस्टिकच्या आधी काय काय वापरत? त्या प्रत्येक वस्तूला बोलीत नाव काय? आणि समुद्रावर आगपेटी, विडी, भाकरी कोरडी कशी ठेवत? उत्तरे वस्तूच्या चित्रासह वहीत उतरवून आमच्याकडे पाठवा. ही नावे जाणणारी पिढी आता थकत चालली आहे, आणि शब्दकोशांत त्यांतली थोडीच सापडतात.